बॉल पायथन : पाळीव सापाचे असाधारण वर्तन

बॉल पायथन (पायथन रेजिअस) हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बिनविषारी अजगर. आफ्रिकेतील अजगरांत तो सर्वांत लहान असून पूर्ण वाढलेला प्राणी साधारणतः ९० ते १५० सेंमी. लांब भरतो, मादी नरापेक्षा मोठी असते. घाना, टोगो, बेनिन या देशांतील गवताळ माळांवर तो दिवसा उंदरांच्या बिळांत किंवा वाळवीच्या वारुळांत दडून राहतो आणि रात्री शिकारीस निघतो. पाळीव सापाचे विचित्र वाटणारे बरेचसे वर्तन या बिळातल्या जगण्यातून येते. उरलेल्यातील मोठा वाटा पेटीतील उष्णता व दमटपणा बिघडल्याचा असतो. खानदेशाच्या (जळगाव, धुळे) टोकाच्या हवेत हे दुसरे कारण आधी तपासावे लागते.

भय वाटताच डोके मध्ये घेऊन अंगाचा घट्ट चेंडू करणे, ही या जातीची ओळखच आहे. नव्या घरात आलेला साप काही दिवस असाच राहिला तर काळजीचे कारण नसते. महिनोन्‌महिने तो हात लागताच चेंडू होत असेल, तर मात्र लपायला पुरेशी जागा नाही किंवा हाताळणी फार होते, असे समजावे. दिवसभर न हलणे हेही नैसर्गिकच. याउलट रात्रभर काचेला नाक घासत फिरणारा साप भुकेला असतो, उष्णतेने हैराण असतो किंवा नर असल्यास प्रजननकाळातील अस्वस्थतेत असतो.

साप पाळणाऱ्यांना सर्वाधिक घाबरवते ते त्याचे उपोषण. प्रजननकाळात प्रौढ नर दोन-तीन महिने, प्रसंगी त्याहून अधिक काळ खात नाहीत; अंडी धरलेली मादीही खाणे सोडते. या काळात किती दिवस झाले यापेक्षा वजन किती उतरले हे पाहावे. दर आठवड्याला वजनाची नोंद ठेवावी. ते जवळपास टिकून असेल तर थांबण्यास हरकत नाही. दहा टक्क्यांहून अधिक उतरले तर पशुवैद्याकडे जावे. पिलांच्या बाबतीत इतकी वाट पाहू नये. कात टाकण्यापूर्वी डोळे निळसर-दुधाळ होतात, दिसणे मंदावते, साप चिडखोर बनतो आणि खाणे नाकारतो. कात उतरली की हे सारे आपोआप संपते. कात तुकड्यातुकड्यांनी निघाली किंवा डोळ्यांवरचा पापुद्रा तसाच राहिला, तर हवा कोरडी आहे. हा पापुद्रा चिमट्याने ओढणे धोक्याचे असते.

या सापाला पेटीच्या एका टोकास ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकास २५-२६ अंश सेल्सियस तापमान लागते. उबेकडे किंवा गारव्याकडे सरकत तो आपले शरीर सांभाळतो. जळगावचा पारा मे महिन्यात ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीत तेव्हा गार टोक उरतच नाही, आणि साप पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास बसतो. ३८ अंशांच्या पुढे तापमान फार वेळ राहिल्यास तोंड उघडून श्वास घेणे, लडखडणे आणि मृत्यू असा क्रम लागू शकतो. कोरड्या उन्हाळ्यात खोलीतला कूलर गारवा आणि ओल दोन्ही पुरवतो. वीज गेली की दोन्ही एकदम जातात. तोच कूलर पावसाळ्यात चालू ठेवला तर पेटीतील अंथरूण ओले राहते व पोटाच्या खवल्यांना फोड येतात. उष्णतेच्या बाबतीत धाब्याचे (मातीच्या छताचे) जुने घर सिमेंटच्या स्लॅबपेक्षा सरस ठरते. हिवाळ्यात धुळ्याचे किमान तापमान काही वर्षी सहा अंशांच्याही खाली येते. थंडीत गिळलेले पचत नाही, म्हणून साप भक्ष्य ओकतो. तसे झाल्यास लगेच दुसरे देऊ नये, सुमारे दोन आठवडे थांबावे. उबेसाठी नुसता बल्ब किंवा तापता दगड ठेवणारे एक गोष्ट विसरतात: तळाकडून भाजत असले तरी अजगर वेळीच बाजूला होत नाही. थर्मोस्टॅटशिवाय उष्णता देऊ नये.

पाण्यात बसून राहण्याचे दुसरे कारण गोचिडीच्या नात्यातील बारीक माइट. पाण्याच्या तळाशी काळे कण दिसले की ते ओळखावेत. घरातील कीटकनाशक मात्र अंगावर फवारू नये. शेतातील किंवा डासांवरच्या औषधांनीही सापाला झटके येऊ शकतात.

मज्जासंस्थेशी निगडित लक्षणे वेगळी ओळखावी लागतात. डोके हलणे, भक्ष्यावर झेप चुकणे, मान पिरगळून आकाशाकडे रोखणे, उताणे केल्यास सरळ होता न येणे ही ती लक्षणे. 'स्पायडर' नावाच्या रंगजातीत ती जन्मजात असतात. त्या सापांच्या आंतरकर्णाची रचनाच सदोष आढळली आहे. नक्षीच्या मोहापायी माणसाने ही व्याधी वाढवली, असेच म्हणावे लागते. अन्य रंगजातींत हीच लक्षणे अचानक दिसली तर विषबाधा, अतिउष्णता किंवा अ‍ॅरेनाविषाणूंमुळे होणारा समावेशपिंड रोग यांची शंका घ्यावी. हा रोग बरा होत नाही आणि अजगरांत तो बोआ सापांपेक्षा वेगाने बळावतो. नाकातोंडातून बुडबुडे, घरघर आणि मान उंच धरून श्वास घेणे ही श्वसनरोगाची चिन्हे आहेत. २०१४ मध्ये बॉल पायथनमध्ये यामागे निडोविषाणू असल्याचे वर्णन झाले. नवा साप इतरांपासून निदान तीन महिने वेगळा ठेवावा.

साप कोठून आला, यावरही त्याचे वर्तन अवलंबून असते. चोरट्या मार्गाने आलेला प्राणी तहानलेला, भेदरलेला आणि बहुधा माइटग्रस्त असतो. बॉल पायथन वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने अशा परदेशी जाती चौथ्या अनुसूचीत आल्या आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर करावी लागते. जन्म, मृत्यू व हस्तांतरणही कळवावे लागते. भारतीय अजगराची गोष्ट निराळी. सातपुड्याच्या पायथ्याशी आढळणारा हा साप पहिल्या अनुसूचीत असून तो पाळणे गुन्हा आहे. हिवाळ्यात त्याचे बिळाच्या तोंडाशी उन्हात पडून राहणे हे आजारपण नव्हे.

पेटीतून निसटलेला बॉल पायथन फ्रिजच्या मोटारीमागे, कपाटाखाली किंवा गाद्यांच्या घडीत सापडतो, कारण तो ऊब व अंधार शोधतो. अंगावरच्या ठिपक्यांमुळे त्याला घोणस समजून मारले जाण्याचा धोका असतो. उलट चूक अधिक घातक: घोणशीला अजगर समजून हात लावणे. म्हणून ओळख पटेपर्यंत अंतर राखून सर्पमित्रास किंवा वनविभागास बोलवावे. नको झालेला बॉल पायथन केळीच्या बागेत किंवा रानात सोडू नये; तो परदेशी रोगजंतू स्थानिक अजगरांपर्यंत नेऊ शकतो.