कृष्णधवल वास्तुछायाचित्रण

वास्तूंचे छायाचित्रण आरंभी प्रामुख्याने नोंदीसाठी झाले. एकोणिसाव्या शतकातील काचा मुख्यतः निळ्या प्रकाशाला संवेदनशील असल्याने त्यांवर आकाश कोरे, पांढरे उमटे. इमारतीच्या उभ्या रेषा समांतर दिसाव्यात, असा संकेत होता. कॅमेरा वर कलविल्यास त्या वरच्या बाजूस जवळ येतात. म्हणून कॅमेरा सरळ ठेवून केवळ भिंग वर सरकवीत. अशा चित्रांत माहिती पुष्कळ, पण भाव बेताचाच असे.

फ्रेडरिक एच्. एव्हान्झ (१८५३–१९४३) या इंग्रज छायाचित्रकाराने मात्र सौम्य छटांतून भावनिर्मिती साधली. वेल्स कॅथीड्रलमधील जिन्याच्या त्याच्या चित्रात (१९०३) झिजलेल्या पायऱ्या लाटेसारख्या वर चढत जातात. प्लॅटिनम मुद्रणात करड्या छटांच्या अनेक पायऱ्या मिळतात. त्यामुळे दगडही मऊ व शांत भासतो.

जुना संकेत उघडपणे झुगारला तो रशियन कलावंत अलेक्सांद्र रोदचेन्को (१८९१–१९५६) याने. मॉस्कोतील म्यास्नित्स्काया रस्त्यावरील इमारतीची चित्रे त्याने १९२५ मध्ये भिंतीलगत उभे राहून, कॅमेरा वर रोखून घेतली. साध्या राहत्या इमारतीचे सज्जे त्यांत तिरपे झेपावतात आणि पाहणाऱ्याचा तोल जातो. अशा चित्रांवर स्वदेशात कडक टीकाही झाली.

कोन व छायाभेद यांचा सर्वांत कठोर मेळ ल्यूस्यँ एर्व्हे (१९१०–२००७) या हंगेरीत जन्मलेल्या फ्रेंच छायाचित्रकाराने घातला. मार्सेय येथील ल कॉर्ब्यूझ्येच्या निवासी इमारतीची सु. ६५० चित्रे त्याने १९४९ मध्ये एका दिवसात टिपली. ती पाहून ल कॉर्ब्यूझ्येने त्याला आपला छायाचित्रकार नेमले. एर्व्हे १९५५ मध्ये चंडीगढला आला. तेथील प्रखर उन्हानुसार प्रकाशमान ठरविले, की सावल्यांतील तपशील बुडून जातो. उन्हातील काँक्रीट व काळीभोर सावली एवढेच उरते. शिवाय एर्व्हे मुद्रित चित्र कात्रीने निर्दयपणे छाटी. परिणामी उच्च न्यायालयाची इमारत न्यायदानाच्या जागेपेक्षा एखाद्या प्रचंड शिल्पासारखी, गंभीर व काहीशी दरारा बसविणारी वाटते. हा गंभीरपणा वास्तूत आहेच. परंतु त्याचे निर्भेळ रूप चित्रकाराच्या निवडीतून आले आहे. प्रत्यक्ष इमारत न पाहिलेल्या दूरदेशीच्या वाचकांपुढे मात्र पुस्तकांतून हेच रूप आले. प्रवेशद्वाराचे उंच खांब पुढे हिरव्या, पिवळ्या व तांबड्या रंगांत रंगविण्यात आले. कृष्णधवल चित्रांनी रुजविलेल्या त्या करड्या प्रतिमेत या रंगांना जागा नाही.