कारवार जिल्हा : भूमी, लोक आणि कारभार

सीमाप्रश्न म्हटला की बेळगाव, निपाणी ही नावे प्रथम ओठांवर येतात. कारवारचे नाव मागाहून येते. वस्तुतः हा प्रश्न तेथेही तितकाच जिव्हाळ्याचा आहे.

गोव्याच्या दक्षिणेस लागून असलेल्या या जिल्ह्याचे आजचे नाव उत्तर कन्नड, ठाणे कारवार. काळी, गंगावळी, अघनाशिनी आणि शरावती या नद्या सह्याद्री ओलांडून येथे समुद्रास मिळतात. कारवार, अंकोला, कुमठा, होन्नावर व भटकळ हे किनाऱ्याचे तालुके. हल्याळ, सुपे, यल्लापूर, शिरसी हे घाटमाथ्याचे. काळी नदीवरील धरणात सुपे गाव बुडाले आणि तालुक्याची कचेरी जोयडा येथे गेली. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १४,३७,१६९ होती. कन्नड, कोंकणी, मराठी व उर्दू या भाषा येथे शेजारी-शेजारी नांदतात. भटकळच्या नवायत मुसलमानांची बोली कोंकणीच्या कुळातली. हल्याळ-यल्लापूरच्या रानातील सिद्दी तर हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती अशा तिन्ही धर्मांचे आहेत.

कारभाराची सूत्रे मात्र वारंवार बदलली. १७६३ मध्ये हैदरअलीने हा मुलूख घेतला. १७९९ मध्ये टिपू सुलतान पडल्यावर तो इंग्रजांकडे व मद्रास इलाख्यात गेला. १८६२ साली उत्तर कानडा मुंबई इलाख्यास जोडण्यात आला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेला. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगापुढे महाराष्ट्राने ८१४ गावे मागितली, त्यांत कारवार, हल्याळ व सुपे या भागांचाही समावेश होता. आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने नाकारला; २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

कारवारपुरता वादाचा गाभा एकच : कोंकणी ही मराठीची बोली मानावयाची की स्वतंत्र भाषा? एका उत्तराने शिरगणतीतील पारडे एकीकडे झुकते, दुसऱ्याने दुसरीकडे. १९९२ साली कोंकणीस राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले, तेव्हा या युक्तिवादाचा पाया पुष्कळसा ढिला झाला, हे मराठी माणसानेही मोकळेपणी मान्य करावयास हवे. परंतु त्यामुळे तेथील मराठी किंवा उर्दू मुलाचा आपल्या भाषेत शिकण्याचा हक्क उणा होत नाही. राज्यघटनेचे ३५०-अ हे कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावयास प्रत्येक राज्यास सांगते. सरहद्द कोठेही पडो, ते कलम दोन्हीकडे लागू आहे.

चौदाव्या शतकात इब्न बतूता होन्नावरास आला. मुलींच्या १३ व मुलांच्या २३ शाळा तेथे पाहिल्याचे त्याने नमूद केले आहे. ते राज्य गेले, त्यानंतरची कित्येक राज्येही गेली. प्रवाशाच्या टिपणात मात्र राहिल्या त्या शाळा. सीमेचा निवाडा न्यायालय करील. मुलांच्या हाती पाटी देण्याचे काम आपले आहे, आणि ते निवाड्यासाठी थांबून चालणार नाही.