मुक्ताच्या प्रश्नावर हक्क कुणाचा?



आमच्या कुरुंद्यात (ता. वसमत, जि. हिंगोली) जयंतीच्या तयारीत महामानवांच्या नावांची चर्चा निघाली आणि कुणी मुक्ता साळवेचं नाव घेतलं, की दोन मतं हमखास ऐकू येतात. पहिलं मत असं की मुक्ताला मिशनऱ्यांनी लिहायला लावलं, तिचा निबंध हा धर्मप्रचारच. दुसरं असं की मिशनरी आले नसते तर आपल्याला अक्षरओळखसुद्धा झाली नसती. आमच्या मते दोन्ही मतं अर्धवट आहेत. एकात मुक्ताचा अपमान आहे आणि दुसऱ्यात फुले दांपत्याचा विसर.

आधी वस्तुस्थिती पाहू. अमेरिकन मराठी मिशनने 1842 साली अहमदनगरला 'ज्ञानोदय' सुरू केलं. धर्मोपदेश, बातम्या, विज्ञान, समाजातल्या चालीरीती अशा सगळ्या विषयांवर हे पत्र ख्रिस्ती नजरेतून लिहीत असे. वाचकाने ख्रिस्ताकडे यावं हा हेतू त्यांनी कधी लपवला नाही. याच पत्रात 15 फेब्रुवारी आणि 1 मार्च 1855 च्या अंकांत 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध दोन भागांत छापून आला. लिहिणारी मुक्ता होती, चौदा वर्षांची मांग मुलगी.

पण ती कुणाच्या शाळेत शिकली? मिशनच्या नव्हे, पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत. जोतिराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरला मिस फरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि 1848 मध्ये स्वतःची शाळा काढली. जे चांगलं दिसलं ते त्यांनी घेतलं, त्याबद्दल कृतज्ञताही ठेवली. पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. 1873 मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज उभा केला. ऋण मान्य करूनही स्वतःची वाट स्वतः काढता येते, हे जोतिरावांनीच दाखवून दिलं.

आता निबंध पाहा. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील, तर आमच्याजवळ धर्मग्रंथच नाही. मग आमचा धर्म तरी कोणता, असं मुक्ता थेट देवालाच विचारते. पेशवाईत मांग-महारांवर झालेले जुलूम ती सांगते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसतं, हे ती सांगते. इंग्रजी राज्याबद्दल ती चांगलं बोलते, हेही लपवायचं कारण नाही. आणि एक गोष्ट ती अशी लिहिते की आपल्याला आजही झोंबावी: महारांनीही ब्राह्मणांचं पाहून सोवळं उचललं, आणि ते मांगांना आपल्यापेक्षा खालचं समजू लागले.

हे वाक्य कोणता मिशनरी शिकवणार? हे वस्तीत राहून सोसलेल्या मुलीचंच लिखाण आहे. म्हणून आम्ही म्हणतो, कागद 'ज्ञानोदय'चा होता, आवाज मुक्ताचा होता.

दुसऱ्याच्या कागदाची मर्यादाही आपल्या लोकांनी ओळखली. 1908 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' काढलं. 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांचा 'मूकनायक' आला. मुक्ताच्या निबंधापासून तिथवर पासष्ट वर्षं गेली.

धर्माच्या प्रश्नावरही बाबासाहेबांनी सगळं पारखून घेतलं. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी सविस्तर लिहून ठेवलं आहे. मिशनांनी शाळा-दवाखाने उभारले हे ते मान्य करतात. पण चर्चमध्येही जात कशी टिकली, आणि धर्मांतरितांच्या सामाजिक हक्कांसाठी लढा का उभा राहिला नाही, असा रोखठोक सवालही करतात. 1935 ला येवल्यात घोषणा आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा, यांच्या मधली एकवीस वर्षं ही अशी पारख करण्यात गेली.

पण मुक्ताच्या प्रश्नाला सगळ्यांनी एकच उत्तर दिलं नाही. आपल्या मराठवाड्यात, तेव्हाच्या निजामाच्या मुलखात, रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. तिथे गेलेले मांग-महार आपलेच रक्ताचे लोक होते. आजही वस्तीतलं एखादं घर रविवारी प्रार्थनेला जाऊ लागलं की कुजबुज सुरू होते. सनातनी त्यांना 'पैशाला विकले गेले' म्हणतात. 1956 नंतर आपल्यालाही असलेच टोमणे ऐकावे लागले ना? मग तेच शब्द आपल्या तोंडी कसे येतात?

आणि कायदा काय म्हणतो? 1950 च्या राष्ट्रपती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा समावेश झाला. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम आजही बाहेर आहेत. त्यांना ना अनुसूचित जातींचं आरक्षण, ना अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण. रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 मध्ये ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली. 2022 मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. अट मात्र तशीच आहे. गाव जात विसरत नाही, सरकार मात्र धर्म बदलला की जात संपली असं धरतं.

'आपल्या वाट्यात वाटेकरी वाढतील,' असं काही मित्र म्हणतात. वाटेकरी वाढले तर लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा वाढवून मागू. पण 34 वर्षं वाट पाहून 1990 ला ज्या दारातून आपण आत आलो, ते दार आपणच लावून घ्यायचं का?

1978 मध्ये नामांतराच्या लढ्यात नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे शहीद झाले. ते मातंग होते. बाबासाहेबांच्या नावासाठी जीव देताना त्यांनी जातीचा हिशोब केला नाही. मुक्तानेही मांग आणि महार या दोघांचं दुःख एकाच निबंधात मांडलं. आपण तिचं नाव घेणार असू, तर बौद्धवाडा, मातंगवाडा आणि प्रार्थनाघर यांच्यातलं अंतर आधी आपणच तुडवलं पाहिजे. तिचा प्रश्न सगळ्यांचा आहे. उत्तर ज्याने त्याने आपल्या विवेकाने निवडावं, आणि त्या निवडीची शिक्षा कुणालाही होऊ नये, एवढं तर आपण ठामपणे म्हणू शकतो.

जय भीम! जय लहुजी!