फिनिक्सची जागल

पेरणी करणाऱ्याचे कौतुक सारा गाव करतो. जागल करणाऱ्याची आठवण कोणी ठेवीत नाही. हिंगणघाट तालुक्यातले आमचे अल्लीपूर कापसाच्या मुलखातले. इकडे पीक उभे राहिले, की रानडुकरांपासून ते राखायला रात्री शेतात जागत बसावे लागते. त्यालाच जागल म्हणतात. पेरणीला चार दिवस पुरतात, चार माणसेही मदतीला येतात. जागल महिनोन् महिने चालते, आणि ती बहुधा एकट्यानेच करायची असते.

संस्थांचा इतिहास वाचताना मला हा भेद नेहमी जाणवतो. संस्थापकांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. पण तो निघून गेल्यावर मागे दिवाबत्ती कोणी केली, हिशेब कोणी लिहिले, हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही. अशाच एका जागलीची ही हकिकत आहे. ती घडली दूर आफ्रिकेत. पण ती करणारी मुलगी आमच्या शेजारच्या वऱ्हाडातली होती.

आमच्या भागातल्या शाळकरी मुलांना सेवाग्राम ठाऊक असते. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तिथे, म्हणजे तेव्हाच्या शेगावात, प्रथम राहावयास आले. बापूकुटी पाहताना मात्र फारच थोड्यांच्या लक्षात येते, की अशा वस्तीचा पहिला प्रयोग बत्तीस वर्षे आधी दक्षिण आफ्रिकेत होऊन गेला होता.

१९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना गांधीजींनी आगगाडीत रस्किनचे एक पुस्तक वाचले आणि रात्रभर त्यांना झोप लागली नाही. थोड्याच दिवसांत दरबानपासून सुमारे १४ मैलांवर, फिनिक्स स्टेशनजवळ, १००० पौंडांना १०० एकर जमीन घेतली गेली. १९०३ साली सुरू झालेले 'इंडियन ओपिनियन' हे साप्ताहिक तिथून काढावयाचे, सर्वांनी अंगमेहनत करावयाची आणि वर्ण वा देश न पाहता प्रत्येकाने महिना ३ पौंड घ्यावयाचे, असे ठरले. म्हणायला छापखाना, पण काम करणारे सगळे स्वयंसेवकच!

२४ डिसेंबर १९०४चा अंक तिथून निघालेला पहिला. त्या रात्री तेलाचे इंजिन काही केल्या चालेना. मोठे चाक हातांनी फिरवावयाचे तर एका वेळी चार माणसे हवीत. शेवटी छापखान्यात झोपलेल्या सुतारांना उठविले गेले. पाळीपाळीने चाक फिरवीत, भजने म्हणत पहाट झाली आणि अंक वेळेवर निघाला. संस्थेच्या जन्माची अशी कथा कोणालाही आवडेल.

पण पुढचे काय? आपण फिनिक्स स्थापन केले खरे, पण तिथे राहावयास फार थोडा काळ मिळाला, याची खंत गांधीजींनी स्वतःच आत्मकथेत नमूद केली आहे. जोहान्सबर्गची वकिली आणि सत्याग्रह यांतच त्यांची वर्षे गेली. एका काळी वृत्तपत्राच्या तोट्यापायी त्यांना दरमहा ७५ पौंड पाठवावे लागत. १९१२ साली जमीन आणि छापखाना त्यांनी विश्वस्तांच्या स्वाधीन केला. १९१४च्या जुलैत त्यांनी आफ्रिका सोडली ती कायमचीच. पेरणारा गेला. शेत उभे राहिले.

पुढे गांधीजींचे दुसरे चिरंजीव मणिलाल फिनिक्सला परतले आणि १९२० साली 'इंडियन ओपिनियन'चे संपादक झाले. १९२७ साली अकोल्याच्या मशरूवाला घराण्यातील सुशीलेशी त्यांचा विवाह झाला. घराणे गुजराती, पण वऱ्हाडात मुरलेले. पुढे वर्धा-सेवाग्रामात आयुष्य काढणारे आणि गांधीजींच्या मागे 'हरिजन' चालविणारे किशोरलाल मशरूवाला हे तिचे काका.

सुशीला तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आगबोटीने समुद्र ओलांडून ती जिथे पोहोचली तिथे सासरचे भरले घर नव्हते. होती ती उसाच्या मळ्यांच्या मुलखातली एक विरळ वस्ती, आणि सदा ओढगस्तीत चालणारा छापखाना. तिथे ती खिळे जुळवायला शिकली. स्वयंपाक, मुलेबाळे आणि अंकाची तारीख ही तिन्ही व्यवधाने तिने एकदम सांभाळली. अकोल्याच्या घरातून निघालेल्या मुलीने झुलू शेजाऱ्यांच्या गावात संसार थाटावा, ही गोष्ट आजही साधी वाटत नाही.

मणिलाल वारंवार तुरुंगात जाणारे. १९३० साली दांडीयात्रेत आणि धारासण्याच्या सत्याग्रहात ते होते. दक्षिण आफ्रिकेतल्या १९५२च्या कायदेभंगातही त्यांनी कारावास पत्करला. ज्या घरचा कर्ता तुरुंगात जातो त्या घरी मागे कोणीतरी खंबीर असावेच लागते. त्या माणसाला हारतुरे मिळत नाहीत.

१९५६च्या एप्रिलमध्ये मणिलाल वारले. एकोणतीस वर्षे परदेशी काढलेल्या विधवेने आता माहेरच्या मुलखात परतावे, असे कोणाच्याही मनात आले असते. सुशीलाबेन परतल्या नाहीत. संपादकाची खुर्ची त्यांनी स्वतः घेतली आणि १९६१ साली बंद होईपर्यंत ते पत्र चालविले. पत्र थांबले तरी वस्ती थांबली नाही. कस्तुरबांच्या नावाची प्राथमिक शाळा होती, आसपासच्या गोरगरिबांसाठी दवाखाना होता. पुढे तरुण विद्यार्थ्यांची श्रमशिबिरे तिथे भरू लागली. वर्णद्वेष हाच जिथे कायदा होता, तिथे वेगवेगळ्या वर्णांची मुले एकत्र येऊन कुदळ मारीत, ही गोष्ट सरकारला कशी रुचावी? सुशीलाबेनची कन्या इला हिच्यावर सत्तरीच्या दशकात बंदीहुकूम बजावला गेला.

आणि मग १९८५चा ऑगस्ट आला. इनांडा परिसरात दंगल उसळली, भारतीय कुटुंबे जीव घेऊन पळाली आणि फिनिक्सची वस्ती लुटून जाळण्यात आली. ज्या शेजाऱ्यांसाठी दवाखाना चालविला, त्यांच्याच मुलखात तो भस्मसात झाला. मोकळ्या जमिनीवर बेघरांनी झोपड्या उभारल्या. त्या वस्तीला 'भंबायी' म्हणतात, आणि हे नाव 'बॉम्बे'वरूनच पडले असे सांगतात. सुशीलाबेन हे सारे पाहावयास हयात होत्या. १९८८ साली त्या वारल्या.

मग ही साठ वर्षांची जागल वाया गेली काय? मला तसे वाटत नाही. ज्या संस्थेचा मालक एकच असतो ती जळाली की संपते. फिनिक्स तसे नव्हते. झोपड्या उठवून जमीन परत घेण्यापेक्षा त्या झोपड्यांतल्या माणसांसाठी काय करता येईल, याचा विचार करणारी माणसे त्या विश्वस्त मंडळात होती. वर्णद्वेषी राजवट संपल्यावर इला गांधी १९९४ ते २००४ संसदेत होत्या आणि फिनिक्सच्या पुनर्बांधणीतही त्यांनी मन घातले. गांधीजींचे 'सर्वोदय' घर पुन्हा बांधले गेले आणि २००० साली अध्यक्ष थाबो एम्बेकी यांच्या हस्ते फिनिक्स पुन्हा खुले झाले. जळालेल्या जागी परत यावेसे वाटणारी माणसे मागे राहिली, हेच सुशीलाबेनच्या जागलीचे पीक.

हे उदाहरण आपल्यालाही परके नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ साली मनोहर दिवाण यांनी कुष्ठरोग्यांची सेवा आरंभिली आणि त्याच कामात आपले आयुष्य वाहिले. मात्र असे नाव एखादेच इतिहासात येते. गावोगावी वाचनालये, बालवाड्या, व्यायामशाळा निघाल्या. उद्घाटनाच्या दगडावर पाहुण्यांची नावे कोरली गेली. रोज संध्याकाळी कुलूप काढून केर काढणाऱ्याचे नाव त्या दगडावर नसते. तो आजारी पडला, की आठवड्यात जाळी धरतात आणि मग गाव म्हणतो, "हल्ली संस्था काही चालत नाहीत बुवा!"

दिवाळीला आपण सारे आपापल्या गावी येतो. फराळ झाला, भेटीगाठी झाल्या, की जरा गावातल्या वाचनालयाकडे फेरी मारावी. किल्ली कोणाकडे असते ते विचारावे, आणि त्या माणसाजवळ तासभर बसावे. देणगी दिली तर उत्तमच. पण आठवड्यातला एक दिवस त्याची पाळी आपल्या घरातल्या कोणी उचलली, तर त्याला अधिक बरे वाटेल.