फी, मत आणि घर सोडणारी मुलं

आपल्याकडे बारावीनंतर घरोघरी दोनच प्रश्न: प्रवेश कुठे आणि फी किती? नेकारसुल्ममध्येही तेच. इथे आउडीचा मोठा कारखाना आहे, पण विद्यापीठासाठी मुलं श्टुटगार्ट, कार्ल्सरूह गाठतात. फीचा इतिहास मात्र मजेशीर आहे.

२००२ साली केंद्राने पहिल्या पदवीसाठी फी घ्यायला कायद्याने बंदी केली. काही राज्यं कोर्टात गेली. जानेवारी २००५ मध्ये घटना न्यायालय म्हणालं, हा राज्यांचा अधिकार. झालं! आमच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याने २००७ पासून सहामाहीला ५०० युरो लावले.

मग मार्च २०११ ची विधानसभा निवडणूक आली. त्याच महिन्यात जपानात फुकुशिमाचा अणुअपघात झाला होता. अणुभट्ट्यांवरून तापलेल्या त्या निवडणुकीत १९५३ पासून मुख्यमंत्रीपद सांभाळणाऱ्या सीडीयूची सत्ता गेली. ग्रीन पक्षाचे क्रेचमान मुख्यमंत्री झाले आणि २०१२ च्या उन्हाळी सत्रापासून फी रद्द! २०१७ मध्ये युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना १५०० युरो लागू झाले, पण इथेच शाळा संपवलेल्यांना त्यातून वगळलं.

या निवडणुकांत आम्हा भारतीय पासपोर्टवाल्यांना मत नाही. जर्मन नागरिकत्व घेतलेल्या आमच्या मुलांना आहे. २०१४ पासून नगरपालिकेसाठी तर सोळाव्या वर्षीच.

शिकायला गेलेल्या मुलाने कायमचा पत्ता बदलला, की नगरपालिकेचं मतही नव्या गावी जातं. खोली रिकामी होते हे सगळ्यांना दिसतं. अनेक मराठी घरांतलं एकमेव मतही त्याच बॅगेतून जातं, मंडळी.