चांदीने दाखवलेली पेशी

मेंदूला स्वतःची रोगप्रतिकारक पेशी असते, हे 1919 मध्ये माद्रिदमध्ये सांगून झाले होते. तरीही ते सर्वमान्य व्हायला साठाहून अधिक वर्षे गेली. शरीराच्या संरक्षणव्यवस्थेपासून मेंदू अलिप्त आहे, हा समज त्याला जबाबदार धरला जातो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. विलंबाचे मूळ प्रयोगशाळेतल्या एका हातकामात आहे, असे मला वाटते. ते काम म्हणजे ऊतींना चांदीने रंगवणे.

मेंदूचा पातळ काप रंगवल्याशिवाय सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर जवळजवळ काहीच दिसत नाही. कामिल्लो गोल्जी यांनी 1873 मध्ये चांदीच्या क्षाराने चेतापेशी काळ्या करून दाखवल्या. सांतियागो रामोन इ काहाल यांनी ती रीत सुधारून चेतापेशींचे अपूर्व चित्रण केले आणि 1906 चे नोबेल दोघांना विभागून मिळाले. चेतापेशींच्या भोवतीच्या आधारपेशी मात्र सहजासहजी रंग धरीनात. 1913 मध्ये काहालांनी सोन्याच्या क्षाराने त्यांपैकी तारकापेशी उजळवल्या. बाकीच्यांची नुसती केंद्रके दिसली, म्हणून त्यांना फांद्या नाहीतच असे धरून ‘तिसरा घटक’ या नावाखाली त्यांची बोळवण झाली. जे रंगले नाही ते अस्तित्वातच नाही, ही चूक काहालांसारख्याच्या हातून व्हावी, यातच या कामाची अडचण कळते. त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी अमोनिया घातलेले सिल्व्हर कार्बोनेट वापरले आणि फांद्या उमटल्या. तिसरा घटक एक नव्हताच. त्यात ऑलिगोडेंड्रोग्लिया आणि मायक्रोग्लिया अशा दोन जाती होत्या. मायक्रोग्लिया मेंदूत बाहेरून येते आणि इजा होताच फांद्या आखडून, गोलसर होऊन, जखमेकडे सरकते व मेलेले भाग गिळते, असे ओर्तेगांनी मांडले. 1920 मध्ये त्यांना काहालांची प्रयोगशाळा सोडावी लागली. त्यात मानापमानाचा भाग मोठा होता.

यावर कोणी म्हणेल, की रीत छापून आली होती, मग ती पसरायला काय हरकत होती? पण कृती वाचून हात बसत नाही. ऊती किती ताजी, ती द्रावणात किती काळ ठेवली, अमोनिया किती पडला, यावर सारे अवलंबून. थोडे चुकले की भलत्याच पेशी काळ्या होत किंवा काहीच उमटत नसे; त्यामुळे संशय घेणारेही अडाणी नव्हते. मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड ही रीत शिकायला 1924 मध्ये स्वतः माद्रिदला गेले, हाच नुसते वाचून भागत नसल्याचा पुरावा. पुढे 1936 चे यादवी युद्ध पेटले. ओर्तेगा पॅरिस, ऑक्सफर्ड करत ब्वेनोस आइरेसला पोहोचले आणि 1945 मध्ये तिथेच वारले. माद्रिदचा गोतावळा पांगला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 1948 मध्ये पीटर मेदावार यांनी सशांच्या मेंदूत परक्या त्वचेचे तुकडे बसवले आणि ते टिकले. मग मेंदू संरक्षणापासून मुक्त आहे, असे मानणाऱ्यांचे काय चुकले? चुकले ते इतकेच, की प्रयोगाचा उरलेला अर्धा भाग विस्मरणात गेला. सशाला आधी अंगावर तशीच त्वचा लावून शरीर सावध केलेले असेल, तर मेंदूतला तुकडाही नाकारला जात होता. मायक्रोग्लिया रोजच्या काचपट्टीवर सहज दिसली असती, तर त्या अर्ध्या निष्कर्षाला इतका काळ कोणी कवटाळून बसले नसते.

म्हणूनच निकाल लागला तोही नव्या साधनांमुळे. 1985 मध्ये ह्यू पेरी आणि सहकाऱ्यांनी भक्षकपेशी ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने उंदराच्या मेंदूतली मायक्रोग्लिया दाखवली. आता हाताच्या कसबावर तितकी मदार उरली नाही. 2005 मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत तिच्या फांद्या सतत हलताना दिसल्या. एरवी ती ‘विश्रांतीत’ असते, हा समज त्याने मोडला. 2010 मध्ये तिचे मूळ गर्भाच्या पीतक पिशवीतल्या पेशींत सापडले. ती बाहेरून येते हे ओर्तेगांचे म्हणणे खरे ठरले, मात्र येण्याची वेळ त्यांच्या अंदाजापेक्षा बरीच आधीची निघाली. वाढत्या मेंदूतले जादा चेतासंधी ती छाटते, हेही पुढे कळले. 2013 मध्ये या पेशींत काम करणाऱ्या ट्रेम-2 जनुकातल्या एका दुर्मिळ बदलाचा अल्झायमरच्या वाढत्या धोक्याशी संबंध जुळला, आणि विस्मरणाच्या या आजारावरच्या संशोधनात मायक्रोग्लिया मध्यभागी आली. ओर्तेगांचे नाव नोबेलसाठी सुचवले गेले होते. ते त्यांना मिळाले नाही.