माडाचे कूळ आणि बियाण्याची निवड

आपल्या भंडारी ज्ञातीचा आणि माडाचा संबंध किती पिढ्यांचा, हे मोजू जाता मोजदाद संपावयाची नाही. माडाची थोरवी गाणारे लेख आजवर पुष्कळ झाले आणि त्याला कल्पवृक्ष म्हणून हात जोडण्यात आपण कधी उणे पडलो नाही. परंतु ज्याला हात जोडावयाचे तो माड आपल्या आगरात आला कोठून, त्याचे बी कोणी निवडले आणि कोणत्या कसोटीवर निवडले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात माडाच्या सुधारणेचा इतिहास वाचकांपुढे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे. हा इतिहास जितका प्रयोगशाळेतील विद्वानांचा आहे, तितकाच माडावर चढणाऱ्या हातांचाही आहे. म्हणूनच तो आपल्या घराघरांत वाचला जावा, अशी आमची इच्छा आहे.

प्राचीन काळची निवड

माडाची लागवड आपल्याकडे अर्वाचीन नव्हे. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे लेख कोरलेले आहेत. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या या लेखांपैकी एकात नानंगोल गावातील नारळीची ३२,००० झाडे चरकांच्या परिषदांना दान दिल्याची नोंद आहे. त्या परिषदांच्या स्थानांत शूर्पारक, म्हणजे आपले सोपारे, हेही एक आहे. बत्तीस हजार माड काही आपोआप उगवत नाहीत. त्यामागे बियाणे राखणारी, वाफे करणारी, रोपे लावणारी आणि त्यांची निगा करणारी माणसे असलीच पाहिजेत. लेखात त्यांची नावे नाहीत, पण त्यांचे काम त्या आकड्यात दडलेले आहे.

गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात माडाला स्वतंत्र प्रकरण दिले. पुढे १६७८ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे 'हॉर्टस मलबारिकस' या महाग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला, त्यातील पहिलीच वनस्पती माड होय. या ग्रंथासाठी मलबारातील वनस्पतींची माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा वैद्य प्रमुख होता. तो केरळातील एळवा ज्ञातीचा होता. ती ज्ञातीही आपल्याप्रमाणेच माडाच्या आश्रयाने वाढलेली आहे. माडाचे ज्ञान ग्रंथात उतरले ते अशा माणसांच्या तोंडून, याचा आपणांस अभिमान वाटावा.

माणसाने माडात काय काय निवडले, याचाही माग आता लागला आहे. सामोआ बेटांतील लोक दोन प्रकारचे नारळ ओळखतात. 'नियू काफा' हा लांबट, जाड सोडणाचा व समुद्रावर तरंगत दूर जाणारा, तर 'नियू वाई' हा वाटोळा, पातळ सोडणाचा व भरपूर पाण्याचा. पहिला निसर्गाने घडविला, दुसरा माणसाने निवडीने घडविला, असे मत ह्यू हॅरीज या अभ्यासकाने १९७८ मध्ये मांडले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासातून जगातील माडांची दोन मोठी कुळे दिसून आली. एक पॅसिफिक महासागराकडचे, दुसरे हिंदी महासागराकडचे. आपला कोकणचा माड या दुसऱ्या कुळातला. पोर्तुगीज गलबतांतून याच कुळाचे नारळ आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला आणि पुढे अमेरिकेला गेले.

अडचण कोठे आहे?

आंब्याचे कलम करता येते, केळीचा मुनवा लावता येतो. माडाला मात्र ना कलम, ना मुनवा. एक नारळ लावावा आणि एकच रोप मिळावे, असा हा व्यवहार. शिवाय आपला उंच माड परपरागित आहे. पोय उमलली की आधी नर फुले उमलून गळतात. सुमारे तीन आठवड्यांनी मादी फुले, म्हणजे बोंडे, पराग घेण्यास तयार होतात, तोवर त्या पोयीतील पराग बहुधा संपलेला असतो. त्यामुळे पराग येतो तो दुसऱ्या माडाचा, वाऱ्याने किंवा मधमाश्यांनी आणलेला. थोडक्यात सांगावयाचे तर बियाण्याच्या नारळाचे मातृकूळ आपल्याला ठाऊक असते, पितृकूळ मात्र वारा जाणे! म्हणूनच एकाच उत्तम माडाच्या दहा नारळांतून दहा निरनिराळ्या स्वभावांची झाडे निघतात.

त्यात काळाची भर. उंच माड सहा ते आठ वर्षांनी फळाला लागतो आणि त्याचा खरा गुण कळण्यास आणखी काही वर्षे जातात. आमच्याच घरी हा धडा शिकण्याचा प्रसंग आला. फिरत्या विक्रेत्याकडून स्वस्तात मिळाली म्हणून वडिलांनी तीस रोपे लावली. त्यांच्या आईचा पत्ता कोणालाही माहीत नव्हता. आठ वर्षे खत, पाणी व राखण झाल्यावर निम्म्याहून अधिक माड नुसते उंच वाढलेले निघाले. फळ म्हणावे तर वर्षाला वीस-पंचवीस, तेही किरकोळ. पैसे गेल्याचे दुःख आम्हांस नाही, पण वडिलांच्या उतारवयातील ती आठ वर्षे कोणी परत द्यावयाची? चुकीचे बी लावणाऱ्याला शिक्षा होते ती अशी उशिरा, आणि पुष्कळदा ती त्याच्या मुलांना भोगावी लागते.

निलेश्वरचा प्रयोग

शास्त्रीय पद्धतीने माडाचा अभ्यास आपल्या देशात १९१६ मध्ये सुरू झाला. तेव्हाच्या मद्रास सरकारने कासरगोड आणि निलेश्वर या परिसरात नारळ संशोधनाची केंद्रे काढली. हा मुलूख त्या वेळी दक्षिण कानडा जिल्ह्यात होता, तो १९५६ पासून केरळ राज्यात आहे. मद्रास सरकारचे तेलबियातज्ज्ञ डॉ. जे. एस. पटेल यांनी १९३२ मध्ये निलेश्वर येथे उंच माडाच्या बोंडांवर चावक्काडच्या हिरव्या ठेंगू माडाचा पराग टाकून संकर घडवून आणला. त्यातून निघालेली रोपे मातापित्यांपेक्षा जोमदार आणि लवकर फळणारी ठरली. माडातील हा संकरज जोम त्यांनी १९३७ मध्ये जगापुढे मांडला आणि पुढच्याच वर्षी माडावरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. फिजी बेटांत त्यापूर्वी काही वर्षे माडांचे संकर झाले होते. परंतु उंच आणि ठेंगू यांच्या मीलनातील लाभ दाखवून देण्याचा मान निलेश्वरचा आहे.

हा संकर कसा होतो, ते पाहण्यासारखे आहे. उंच माडाची पोय उमलताच त्यावर चढून तिच्यातील नर फुले एकूण एक काढून टाकावयाची, मग पोयीला पिशवी बांधावयाची. दुसरीकडे ठेंगू माडाची नर फुले आणून, वाळवून त्यांचा पराग जमवावयाचा. बोंडाच्या टोकाशी मधासारखा ओलावा दिसू लागला की ते तयार झाले असे समजावयाचे. सर्व बोंडे एकदम तयार होत नाहीत, म्हणून काही दिवस रोज वर चढून तो पराग त्यांवर टाकावयाचा. इतके करून एका पोयीत काही थोडी फळे धरावयाची आणि ती पिकण्यास अकरा-बारा महिने लागावयाचे.

हे वर्णन वाचताना आपल्या वडीलधाऱ्यांना काही ओळखीचे वाटले नाही काय? रोज माडावर चढावे, पोय कोणत्या अवस्थेत आहे हे हाताने चाचपून ओळखावे, तिला हलक्या हाताने वळवावे, हे तर माडी काढणाऱ्याचे नित्याचे काम. पोयीचा स्वभाव त्याच्याइतका कोणालाच ठाऊक नव्हता. १८७८ च्या आबकारी कायद्याने या धंद्यावर कराचा बोजा घातला आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने तो बहुतेक बंद पाडला. धंद्याच्या भल्याबुऱ्याची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. मात्र धंद्याबरोबर पोयीची जी पारख लोपू लागली, ती पारखच संशोधन केंद्रांना हवी होती, ही गोष्ट नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

इतर देशांतील अनुभव

श्रीलंकेतील लुनुविला हे नारळ संशोधनाचे आणखी एक मोठे केंद्र. तेथील कामाच्या संदर्भात इंग्रज आनुवंशशास्त्रज्ञ एस. सी. हारलँड यांनी १९५७ मध्ये माडाच्या निवडीवर एक निबंध लिहिला. उत्तम फळणारी आई उत्तम संतती देतेच असे नाही. मात्र काही थोडे माड असे असतात की पराग कोणाचाही आला तरी त्यांची बहुतेक संतती चांगलीच निघते. अशा वंशप्रभावी माता शोधून काढाव्यात, हा त्यांच्या विचाराचा गाभा होय. असे माड नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत, त्यांची रोपे वाढवून तुलना करावी लागते.

आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमध्ये फ्रेंच संशोधकांनी मलायाचा पिवळा ठेंगू माड आणि पश्चिम आफ्रिकेचा उंच माड यांचा संकर केला. तो पुढे अनेक देशांत नेला गेला. खतपाणी भरपूर असेल तेथे त्याने विपुल फळ दिले, परंतु इंडोनेशियात त्याला फळगळीच्या बुरशीने पुष्कळ छळले. परका जावई कितीही गुणी असला तरी आपल्या हवापाण्यात त्याची परीक्षा झाल्यावाचून सारे आगर त्याच्या हवाली करू नये, हा त्यातील बोध.

कोकणातील काम

आपल्या रत्नागिरीजवळ भाट्ये येथे १९५५ मध्ये नारळ संशोधन केंद्र स्थापन झाले. १९७२ मध्ये दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ निघाल्यावर हे केंद्र त्याच्या छत्राखाली आले. या केंद्राची आपल्याला जवळची वाटावी अशी कामगिरी म्हणजे 'प्रताप' ही जात. गोव्यातील बाणावली गावाच्या नावाने ओळखला जाणारा 'बाणवली' माड आपल्या किनाऱ्यावर घरोघर आहे. याच बाणवलीतून निवड करून काढलेली 'प्रताप' १९८७ मध्ये लागवडीसाठी देण्यात आली. साधा बाणवली माड वर्षाला ८० ते १०० नारळ देतो, तर प्रतापचे सरासरी उत्पन्न १५० च्या आसपास आहे. येथे परदेशचे बी आणलेले नाही आणि संकरही केलेला नाही. आपल्याच माडांत जे उत्तम होते ते शोधले, इतकेच. संकरित जातींचेही काम भाट्ये येथे झाले असून गंगाबोंडम हा ठेंगू माड आणि पूर्व किनाऱ्याचा उंच माड यांचा संकर तेथून निघाला आहे.

निवडीचे मोल रोगाच्या वेळी विशेष कळते. केरळात शंभराहून अधिक वर्षे मुळांच्या 'रूट विल्ट' रोगाने माड खंगत आले आहेत आणि त्यावर हमखास औषध नाही. तेव्हा संशोधकांनी रोगट आगरांतच निरोगी उभे असलेले माड हेरले आणि त्यांच्यापासून बी धरले. 'कल्पश्री' ही चावक्काडच्या हिरव्या ठेंगू माडातून निवडलेली जात याच मार्गाने मिळाली. ज्या गावातील जुने माड सरसकट तोडले जातात, त्या गावाने असा एखादा तारणहारही नकळत तोडलेला असू शकतो.

आपण काय करावे?

संकरित रोपे खात्रीच्या सरकारी अथवा विद्यापीठाच्या रोपवाटिकेतूनच घ्यावीत. संकरित माडाचे नारळ पुन्हा बियाण्यास लावू नयेत, कारण पुढच्या पिढीत गुण फाटतात. परंतु आपल्या उंच माडातून बी निवडणे प्रत्येक कुटुंबाला शक्य आहे. त्यासाठी वीस वर्षांहून अधिक वयाचा, भर उमेदीतला माड घ्यावा. तो दरवर्षी नियमाने ८० हून अधिक नारळ देणारा असावा. शेंड्यावर तीसहून अधिक झावळ्या छत्रीसारख्या पसरलेल्या, झावळ्यांचे देठ आखूड व भक्कम, आणि घोस देठावर नीट टेकलेले असावेत. विहिरीकाठचा, उकिरड्याजवळचा किंवा गोठ्याशेजारचा माड कितीही लगडलेला दिसला तरी त्यावर भुलू नये. तो गुण कुळाचा नसून जागेचा असू शकतो.

नारळ पुरता पक्व झालेला, अकरा-बारा महिन्यांचा घ्यावा आणि उंच माडावरून तो दोरीने खाली सोडावा. हलवून पाहता पाणी न वाजणारा नारळ बाजूला काढावा. वाफ्यात लावल्यावर जे लवकर कोंब धरतील तेच राखावेत, सहा महिने झाले तरी न रुजलेले काढून टाकावेत. वर्षाच्या रोपाला निदान सहा पाने असावीत आणि बुंध्याचा घेर १० सेंटिमीटरहून कमी नसावा. खुरटी रोपे पाहून दया येते, पण ही दया पुढे ऐंशी वर्षे महाग पडते.

शेवटी एक विनंती. आपल्या ज्ञातीत वंशावळी लिहून ठेवण्याची हौस पुष्कळांना आहे आणि ती चांगलीच आहे. तशीच एक वही आगरासाठी ठेवावी. कोणता माड कोणत्या साली लावला, त्याची आई कोठची, दर काढणीला नारळ किती उतरले, हे त्यात लिहावे. पाच वर्षांत घरातला उत्तम माड कोणता, ते ती वहीच सांगेल. गावात अजून माडावर चढणारे कोणी वृद्ध असतील तर त्यांना विचारून त्यांनी हेरलेल्या माडांची नोंद याच वर्षी करून घ्यावी. त्यांचे हात थकले आहेत, पण नजर अजून शाबूत आहे. बत्तीस हजार माड वाढविणाऱ्यांची नावे शिळेवर राहिली नाहीत. आपण निवडलेल्या एका माडाचे नाव तरी आपल्या मुलांच्या वहीत राहो.